मेकॅनिकल-सिव्हिलची डिग्री, काम प्रोग्रामिंगचं: वर्षभराचा आराखडा

इंजिनिअरिंगची दुसरी ब्रँच करून प्रोग्रामिंगकडे वळणाऱ्यांची मेहनत कमी पडते असं सहसा होत नाही. ती विखुरली जाते. पायथनचा कोर्स अर्धा होतो, मग कुणी सांगतं म्हणून जावा सुरू होतं, मध्येच वेब डेव्हलपमेंट, मग डेटा सायन्स. वर्षाअखेर रेझ्युमेवर सात नावं असतात आणि स्वतः लिहून पूर्ण केलेला, चालणारा असा एकही प्रोग्राम नसतो. त्यामुळे या आराखड्याचा कणा एवढाच: एक भाषा, एक पूर्ण काम, आणि ते काम शक्यतो तुमच्याच ब्रँचमधलं. कॉम्प्युटरच्या मुलांशी त्यांच्याच मैदानात स्पर्धा करताना तुम्ही चार वर्षं मागे असता. तुमच्या विषयातला प्रश्न सोडवून दाखवलात, तर ते तुमच्या मागे असतात.

आधी कुठे जायचंय ते ठरवा, मग भाषा

"कोणती भाषा शिकू?" हा प्रश्न आधी विचारू नका. कुठलं काम हवंय ते ठरलं की भाषा आपोआप ठरते.

मोठ्या सर्व्हिस कंपन्या, बँकिंग, विमा अशा ठिकाणी बॅकएंडचं, म्हणजे पडद्यामागचं काम हवं असेल तर जावा, एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) आणि पुढे जावावरचं स्प्रिंग बूट. फ्रेशरसाठी जागा इथे सगळ्यांत जास्त आणि गर्दीही इथेच. वेबसाइटची दर्शनी बाजू आवडत असेल तर जावास्क्रिप्ट आणि मग टाइपस्क्रिप्ट. डेटा, ऑटोमेशन, टेस्टिंगकडे कल असेल तर पायथन.

मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि ईअँडटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) मुलांचं पुण्यात राहून दुर्लक्ष होतं ते चौथ्या वाटेकडे: गाड्यांचं सॉफ्टवेअर. चाकण, पिंपरी-चिंचवड, हिंजवडी या पट्ट्यात वाहन कंपन्या, सुटे भाग बनवणारे कारखाने आणि त्यांच्यासाठी एम्बेडेड, म्हणजे यंत्राच्या आत चालणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपन्या आहेत. तिथे सी भाषा, कॅन बस (गाडीतल्या यंत्रणांना एकमेकांशी बोलायला लावणारी दोन तारांची जोडणी) आणि मायक्रोकंट्रोलर (एका चिपवरचा छोटा संगणक) लागतात, आणि ब्रेक किंवा बॅटरी म्हणजे नेमकं काय हे माहीत असलेला माणूस लागतो. सिव्हिल आणि डिझाइनवाल्यांसाठी आणखी एक वाट आहे: ऑटोकॅड, रेव्हिट, सॉलिडवर्क्स यांच्यात पुन्हा पुन्हा करावी लागणारी कामं प्रोग्राम लिहून आपोआप करून देणं. रेव्हिट आणि सॉलिडवर्क्ससाठी सी शार्प, ऑटोकॅडसाठी ऑटोलिस्पही चालतं. या जागा संख्येने कमी, पण अर्ज करणारेही कमी.

एक वाट निवडा आणि निदान सहा महिने ती बदलू नका.

वेळ आणि यंत्र

सोमवार ते शुक्रवार रोज २ तास, शनिवार-रविवार ५-५ तास, म्हणजे आठवड्याला २० तास. ४० आठवड्यांत ८०० तास होतात. सीडॅक या सरकारी संस्थेचा पीजी-डॅक हा सॉफ्टवेअरचा पूर्णवेळ पदविका अभ्यासक्रम साधारण ९०० तासांचा आहे, त्यावरून अंदाज येईल की तीन महिन्यांत 'फुल स्टॅक' (वेबसाइटची दर्शनी आणि मागची, दोन्ही बाजू) करून देतो म्हणणाऱ्या जाहिरातींवर किती विश्वास ठेवायचा.

लॅपटॉप नवा नसला तरी चालेल. ८ जीबी रॅम किमान हवी, जावाचं एडिटर आणि डेटाबेस एकत्र चालवायचे तर १६. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी ती काढून एसएसडी टाका, नवीन लॅपटॉपपेक्षा खूप कमी पैशात यंत्र पळायला लागतं. विंडोज ठेवा, पण त्यात डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) टाकून लिनक्सची सवय करा. फोल्डर बदलणं, फाइल शोधणं, परवानग्या, चालू प्रोसेस बंद करणं एवढं टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करून, न अडखळता जमलं पाहिजे.

पहिले दहा आठवडे: फक्त भाषा

व्हेरिएबल, अटी, लूप, फंक्शन, ॲरे, स्ट्रिंग, फाइल वाचणं-लिहिणं, एरर हाताळणं, क्लास आणि ऑब्जेक्ट. एवढंच. पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नने शिकलेल्यांना पहिल्या वर्षी पायथन होतं, पण तो पेपर पास होण्यापुरता झालेला असतो. तो झाला असं समजू नका.

व्हिडिओ पाहताना सगळं समजतं आणि कोरी फाइल उघडली की काहीच सुचत नाही, हा अनुभव सगळ्यांना येतो. यावर उपाय एकच. अर्धा तास पाहिलं की ते बंद करून दीड तास लिहायचं, आणि समोर नमुना नसताना लिहायचं. एआयची साधनं हाताशी आहेत, पण या दहा आठवड्यांत त्यांच्याकडून कोड लिहून घेऊ नका. एररचा अर्थ विचारा, स्वतः लिहिलेल्या कोडमधली चूक दाखवायला सांगा. मुलाखतीत स्क्रीन शेअर करून लिहावं लागतं, तिथे फक्त तुमचे हात असतात.

एरर मेसेज वाचायला शिकणं हे या टप्प्यातलं सगळ्यांत मोलाचं काम. पायथनमध्ये शेवटची ओळ आधी वाचायची, जावामध्ये वरची आणि 'कॉज्ड बाय' लिहिलेल्या ओळी. मग तुमच्या स्वतःच्या फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक शोधायचा. बहुतेक नवशिके लाल अक्षरं दिसली की सगळा मजकूर कॉपी करून कुठेतरी टाकतात. तसं केलं तर ही नजर कधीच तयार होत नाही.

स्वतःच्या ब्रँचमधला एक प्रकल्प, शेवटपर्यंत

हॉस्पिटल मॅनेजमेंट, लायब्ररी मॅनेजमेंट आणि टू-डू लिस्ट मुलाखत घेणाऱ्यांनी पोटभर पाहिलेले असतात. त्याऐवजी सिव्हिलचा हा प्रश्न घ्या: बार बेंडिंग शेड्यूलवरून (सळयांच्या मापांची आणि संख्येची यादी) सळयांचं वजन काढायचं आणि १२ मीटरच्या सळया कशा कापल्या तर कमी वाया जातील ते सांगायचं. दिसायला हा साधा आहे, पण त्यात प्रोग्रामिंगची निम्मी शिकवण आहे.

पहिली पायरी वजन. साइटवरचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं: मिलीमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, उत्तर किलो प्रति मीटर. १२ मिमीला ०.८८९, १६ मिमीला १.५८०. आता हेच जावा किंवा सीमध्ये पूर्णांक वापरून लिहा. १२ गुणिले १२ भागिले १६२ याचं उत्तर शून्य येतं, कारण पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की दशांश भाग टाकून दिला जातो. ८, १० आणि १२ मिमीच्या सळया वजनरहित होतात आणि १६ मिमीची १ किलो भरते. प्रोग्राम कुठलीही एरर न देता चुकीची बेरीज छापतो. १६२ च्या जागी १६२.० लिहिलं की उत्तर बरोबर. अशी एक चूक स्वतः शोधून काढली की डेटा टाइप म्हणजे काय हे पुन्हा शिकवावं लागत नाही.

दुसरी पायरी कटिंग लेंग्थ, म्हणजे वाकवण्याआधी सळई किती लांब कापायची ते, आणि इथेच चाचण्या लिहायला शिका. ३०० बाय ४५० मिमीचा कॉलम, ४० मिमी कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर), ८ मिमीची रिंग. बाहेरची मापं २२० आणि ३७०, परिमिती ११८०. दोन हूक प्रत्येकी १० डीचे (डी म्हणजे रिंगच्या सळईचा व्यास), म्हणजे १६० वाढवा. ९० अंशांचे तीन बाक प्रत्येकी २ डी आणि १३५ अंशांचे दोन बाक प्रत्येकी ३ डी, म्हणजे ९६ वजा करा. उत्तर १२४४ मिमी. हे हाताने काढलेलं उत्तर चाचणीत लिहून ठेवा. पुढे कोडमध्ये काहीही बदललं तरी ही चाचणी हिरवी, म्हणजे पास, राहिली पाहिजे. लांबी मीटरमध्ये दशांशात ठेवू नका, मिलीमीटरमध्ये पूर्णांकात ठेवा. दशांश संख्या संगणकात अचूक साठत नाहीत. ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३ शी तंतोतंत जुळत नाही, आणि 'बरोबर १२ मीटर भरले का' ही तुलना अशाच ठिकाणी फसते.

तिसरी पायरी कापणी. समजा ५, ५.५, ६.५ आणि ७ मीटरचे तुकडे हवेत. यादीत आले तसे बसवले तर पहिल्या सळईत ५ आणि ५.५, दुसरीत ६.५, तिसरीत ७, अशा तीन सळया लागतात. मोठ्यापासून लहानाकडे क्रम लावून बसवले तर ७ सोबत ५, ६.५ सोबत ५.५, दोन सळयांत काम होतं आणि काहीच वाया जात नाही. १२ मिमीच्या सळईवर हे साडेदहा किलोहून जास्त लोखंड वाचवणं आहे.

आता मुलाखत घेणारा विचारणार: ही पद्धत नेहमी सर्वांत चांगलं उत्तर देते का? देत नाही, आणि हे उदाहरणासह सांगता आलं पाहिजे. ६, ४, ४, ४, ३, ३ मीटरचे तुकडे घ्या. मोठ्यापासून बसवत गेलात तर ६ सोबत ४ जातो, मग ४, ४, ३ एका सळईत, आणि उरलेल्या ३ साठी तिसरी सळई. पण ६, ३, ३ आणि ४, ४, ४ असे लावले तर दोनच पुरतात. तुकड्यांची संख्या वाढली की सगळ्या शक्यता तपासणं आवाक्याबाहेर जातं, म्हणून साइटवर 'पुरेसं चांगलं आणि पटकन' हे उत्तर चालतं. हा संवाद दहा मिनिटं रंगला की तुमची ब्रँच हा आक्षेप उरत नाही.

चौथी पायरी ते दुसऱ्याला वापरता येईल असं करणं. एक्सेलमधून यादी वाचा, पोस्टग्रेस या डेटाबेसच्या तीन-चार टेबलांत ठेवा, एक छोटी वेब सेवा करा आणि ती प्रत्यक्ष इंटरनेटवर चढवा. चुकीची यादी आली तर काय? रिकामा रकाना, १२ मीटरपेक्षा लांब तुकडा, व्यासाच्या जागी '१२ एमएम' असं लिहिलेलं. अशा पाच-सहा गोष्टी हाताळल्यात की तो कॉलेजचा प्रकल्प राहत नाही. एखाद्या ओळखीच्या काँट्रॅक्टरला वापरायला द्या. तो जे प्रश्न विचारेल ते कुठल्याच कोर्समध्ये येत नाहीत.

एम्बेडेडकडे जाणाऱ्यांनी याच धर्तीवर दोन मायक्रोकंट्रोलर बोर्ड कॅन बसवर बोलते करावेत: एक तापमान पाठवतो, दुसरा मर्यादा ओलांडली की इशारा देतो. एमसीपी२५१५ हे कॅनसाठीचं स्वस्त मॉड्यूल वापरून हे होतं, पण तिथे दोन ठिकाणी सगळे अडतात. मॉड्यूलवरचा क्रिस्टल (ठोके देणारा भाग) बऱ्याचदा ८ मेगाहर्ट्झचा असतो आणि लायब्ररीत (तयार कोडमध्ये) १६ गृहीत धरलेलं असतं, मग संदेशाचा वेगच जुळत नाही. दुसरं, बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लागतात. वीज बंद करून दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावा, ६० ओहमच्या आसपास दिसलं पाहिजे. १२० दिसलं तर एका टोकाचा रेझिस्टर जोडलेला नाही. कोडमध्ये चूक शोधण्याआधी हे तपासा.

गिट, एसक्यूएल आणि डेटा स्ट्रक्चर

प्रकल्पाच्या पहिल्या दिवसापासून गिट वापरा. कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास ते ठेवतं, आणि त्यातल्या एकेका नोंदीला कमिट म्हणतात. शेवटच्या दिवशी सगळा कोड एकाच कमिटमध्ये चढवलेला असेल तर तो उचललेला आहे असंच पाहणाऱ्याला वाटतं. डेटाबेसचा पासवर्ड किंवा एपीआयची की (दुसऱ्याची ऑनलाइन सेवा वापरायची गुप्त किल्ली) चुकून चढवली, तर ती फाइल पुढच्या कमिटमध्ये काढून उपयोग नाही, कारण जुन्या इतिहासात ती तशीच राहते. की ताबडतोब रद्द करून नवीन घ्या.

एसक्यूएलला तीन आठवडे द्या. जॉइन, ग्रुप बाय, हॅविंग, सबक्वेरी, इंडेक्स. 'इनर' आणि 'लेफ्ट' जॉइनमधला फरक आणि दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढायची क्वेरी, हे इतक्या वेळा विचारलं जातं की ते चुकणं परवडत नाही.

डेटा स्ट्रक्चरचे (माहिती कशी मांडून ठेवायची याचे) प्रश्न रोज एक-दोन, वर्षभर. दीडशे नीट समजून सोडवलेले प्रश्न पाचशे पाहिलेल्या उत्तरांपेक्षा जास्त कामाला येतात. ॲरे, स्ट्रिंग, हॅश मॅप, टू पॉइंटर, स्टॅक, क्यू, लिंक्ड लिस्ट, बायनरी सर्च, रिकर्शन, ट्री, ग्राफवर बीएफएस-डीएफएस (शोध घ्यायच्या दोन पद्धती), हा क्रम ठेवा. डायनॅमिक प्रोग्रामिंग शेवटी. ३० मिनिटं अडलात तर उत्तर पाहा, पण तो प्रश्न चार दिवसांनी कोऱ्या फाइलवर पुन्हा सोडवा. कॉम्प्लेक्सिटी, म्हणजे माहिती वाढली की काम किती वाढतं, ती आकड्यांत समजून घ्या. एक लाख नोंदी असतील तर लूपमध्ये लूप टाकल्यावर एक हजार कोटी पावलं होतात. सीसारखी वेगवान भाषा सेकंदाला ढोबळमानाने दहा कोटी साधी पावलं टाकते असं धरलं तरी शंभर सेकंद लागतात. आधी क्रम लावून तेच काम केलं तर सुमारे १७ लाख पावलांत, म्हणजे पापणी लवायच्या आत होतं.

सीडॅक आणि गेट

घरी एकट्याने शिस्त राहत नसेल तर सीडॅकचा पीजी-डॅक हा जुना, भरवशाचा रस्ता आहे. १९८८ साली पुण्यात सुरू झालेल्या या सरकारी संस्थेचा हा सहा महिन्यांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम, आणि इंजिनिअरिंगच्या कुठल्याही शाखेच्या पदवीधराला त्याची प्रवेश परीक्षा देता येते. गुणांची किमान अट असते, ती त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहून घ्या. परीक्षेचं नाव सीकॅट. पीजी-डॅकसाठी ए आणि बी असे दोन विभाग, प्रत्येकी ५० प्रश्न आणि एक तास, बरोबर उत्तराला ३ गुण, चुकलेल्याचा १ वजा. बी विभागात सी, डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्किंग असतं आणि दुसऱ्या शाखांची मुलं तिथेच मागे पडतात, म्हणून तीन महिने आधीपासून त्याच विभागावर वेळ घाला. बॅच वर्षातून दोनदा, साधारण फेब्रुवारी-मार्च आणि ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतात. रँक चांगली आली तरच आवडीचं केंद्र मिळतं, आणि केंद्रा-केंद्रात फरक असतो. पसंती भरण्याआधी मागच्या दोन बॅचच्या मुलांशी बोला.

एम.टेक. प्रवेशासाठीच्या गेट या परीक्षेचा कॉम्प्युटर सायन्सचा पेपरही दुसऱ्या शाखेचे इंजिनिअर देऊ शकतात आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. पण एम.टेक. प्रवेशात कोणती शाखा चालते हे प्रत्येक संस्था वेगळं ठरवते. गणित पक्कं असेल आणि दोन-तीन वर्षं द्यायची घरची तयारी असेल तरच हा विचार करा.

'नोकरी लागल्यावर फी द्या' असं सांगणाऱ्या खासगी संस्थांचा करार सही करण्याआधी पूर्ण वाचा. पुष्कळदा ते तुमच्या नावावरचं कर्ज असतं आणि कोर्स मध्येच सोडला तरी हप्ते चालू राहतात. कुठलीही खरी कंपनी नोकरी देण्यासाठी अनामत रक्कम मागत नाही.

रेझ्युमे, अर्ज, मुलाखत

रेझ्युमे एक पान. वर प्रकल्प आणि त्याची चालू लिंक, मग कौशल्यं, मग शिक्षण. 'सळयांच्या यादीवरून १२ मीटरच्या बारचं कटिंग ठरवणारी सेवा. जावा, पोस्टग्रेस' अशी एक ओळ, आणि तिच्याखाली नेमकं काय केलं ते तीन मुद्द्यांत. जे नाव लिहाल त्यावर सलग पाच प्रश्न आले तर उत्तरं देता येतील का ते आधी तपासा. नसतील तर ते नाव काढा. मोठ्या भरतीत दहावी, बारावी आणि पदवीला प्रत्येकी ६० टक्के आणि एकही चालू बॅकलॉग नको अशी अट बऱ्याचदा असते. ती पूर्ण होत नसेल तर तिथे वेळ घालवू नका, ५० ते २०० माणसांच्या कंपन्यांकडे थेट अर्ज करा. तिथे काम पाहिलं जातं.

पुण्यात दोन-तीन वर्षांच्या अनुभवाची खोटी पत्रं विकत मिळतात, आणि दुसऱ्या शाखेच्या मुलांना तीच सर्वांत आधी देऊ केली जातात. त्या वाटेला अजिबात जाऊ नका. पार्श्वभूमी तपासणीत पीएफच्या यूएएनवरची (खाते क्रमांकावरची) नोकऱ्यांची नोंद आणि पगारातून कापलेल्या कराची नोंद (फॉर्म २६एएस) पाहतात, आणि पगार जमा न झालेल्या नोकरीचा खोटेपणा तिथेच उघडा पडतो. रुजू झाल्यावर वर्षभरानेही यावरून काढून टाकतात.

'मेकॅनिकल सोडून इकडे का?' हा प्रश्न नक्की येणार. 'कोअरमध्ये (स्वतःच्या ब्रँचच्या कामात) पगार कमी' हे उत्तर खरं असलं तरी ते देऊ नका, कारण समोरच्याला त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. कोणतं काम हाताने करताना प्रोग्राम लिहावासा वाटला आणि त्यातून काय तयार झालं ते सांगा. मुलाखतीत बोलत बोलत कोड लिहा. आधी सरळसोट उत्तर, मग त्याची कॉम्प्लेक्सिटी, मग सुधारणा. गप्प बसून वीस मिनिटांनी बरोबर उत्तर देणाऱ्यापेक्षा विचार ऐकू येणारा उमेदवार पुढे जातो. मराठी माध्यमातून आलेल्यांनी हे इंग्रजीतून मोठ्याने बोलायचा सराव मित्रासमोर करावा. तांत्रिक इंग्रजीची वाक्यं थोडीच असतात, महिनाभरात बसतात.

ऑफर आली की सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी पाहा. बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) किती महिन्यांचा आणि मोडल्यास किती रक्कम. मूळ कागदपत्रं ठेवून घेणार असतील तर नकार द्या, छायांकित प्रती पुरतात. ट्रेनिंगनंतर परीक्षा आहे का, आणि तीत नापास झाल्यास काय होतं. आणि कामाचं स्वरूप: 'सपोर्ट' लिहिलेलं असेल तर तिथे कोड लिहायला मिळतो की फक्त तिकिटं (ग्राहकांच्या तक्रारींच्या नोंदी) बंद करायची, हे एचआरला नाही, त्या टीममध्ये काम करणाऱ्याला विचारा.